आठवड्याला दोन फवारे, तरी टोमॅटोत व्हायरस वाढतोच: चूक कुठं शोधायची?

तक्रार दर उन्हाळ्यात जवळजवळ त्याच शब्दांत येते. "ताई, आठवड्याला दोन फवारे चाललेत. पान उलटून बघितलं तर माशी नाही, मावा नाही. तरी रोज सकाळी पाच-दहा झाडं बोकडलेली, म्हणजे पानं वळून खुरटलेली, निघतात. आता कुठलं औषध घेऊ?"

जुन्नर तालुक्यात आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. फेब्रुवारी-मार्चच्या लागवडीला टोमॅटोची रोपं देतो आणि पुढं त्या प्लॉटवर चक्करही मारतो, कारण रोप आमच्या हातून गेलेलं असतं. इतक्या वर्षांत एक मत पक्कं झालंय: नुसतं औषध बदलून हा प्रश्न सुटत नाही. व्हायरस कोणत्या किडीनं आणला आणि तो झाडात सोडायला त्या किडीला किती वेळ लागतो, हे कळलं तर उपाय सापडतो. मावा काही सेकंदांत काम उरकतो. पांढऱ्या माशीला निदान काही मिनिटं बसावं लागतं. फुलकिडा व्हायरस घेतो लहानपणी आणि वाटतो मोठेपणी. तिघांवर एकच पंप चालवला की पैसे तर जातातच, पण एखाद्या वेळी रोग उलट जास्त पसरतो.

म्हणून फोनवर मी औषधाचं नाव सांगायच्या आधी दोन तारखा विचारते. लागवड कधीची? आणि पहिलं बिघडलेलं झाड कधी दिसलं? या दोन तारखांचं काय करायचं ते पुढं येईलच. त्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते.

हा खरंच व्हायरस आहे का?

आमच्या भागात टोमॅटोला लागून ऊस असतो. उसातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारलेलं असतं आणि वारा टोमॅटोकडे असला की दोन-तीन दिवसांत शेंडे पिळवटतात. पानं अरुंद होतात, शिरा पंख्यासारख्या समांतर दिसतात, देठ खाली वळतात. बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. फरक असा की तणनाशकाचा फटका उसाकडच्या सगळ्या झाडांना एकाच दिवशी दिसतो, आणि मात्रा हलकी असेल तर पुढची फूट हळूहळू सरळ येते. व्हायरस असा एका दिवसात ओळीनं येत नाही. आज एक झाड, परवा चार, आठवड्यानं वीस, अशी त्याची चाल असते. तणनाशकाचा पंप न धुता टोमॅटोला वापरला तरी हेच घडतं. तेव्हा शेजाऱ्याशी भांडायला जाण्याआधी आपला पंप आठवा.

दुसरी फसवणूक उन्हाची. खालची जुनी पानं द्रोणासारखी वर वळतात, हाताला जाड आणि चामड्यासारखी लागतात, पण रंग हिरवा असतो आणि शेंडा निरोगी असतो. हा पाण्याचा ताण, जास्त ऊन किंवा एकदम केलेली छाटणी यांचा परिणाम. याला काही मारायची गरज नाही, पाण्याची पाळी नीट करा.

तिसरी मॅग्नेशियमच्या कमतरतेची. खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. टोमॅटो क्लोरोसिस नावाचा व्हायरस हुबेहूब असाच दिसतो आणि तो पांढरी माशी आणते. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन फवारण्यांनंतरही पिवळेपणा वरच्या पानांकडे चढत राहिला, पानं ठिसूळ लागली आणि झाडाखालून माश्या उडत असतील, तर संशय व्हायरसवर घ्या.

मिरची लावणाऱ्यांसाठी एवढंच: पानं होडीसारखी वर वळली तर आधी फुलकिडे बघा, उलट्या होडीसारखी खाली वळली तर कोळी बघा. चुरडा-मुरडा म्हणून जे काही आपण बोलतो त्यात हे दोघे आणि व्हायरस असे तिघेही मिसळलेले असतात.

लक्षणांवरून कोण आलं ते ओळखा

शेंड्याची पानं लहान, वर वळलेली, कडा पिवळसर, दोन पेरांतलं अंतर कमी, झाड झुडपासारखं खुरटलेलं, फुलं येतात पण गळतात: हा लीफ कर्ल, म्हणजे आपला बोकड्या. आणणारी पांढरी माशी.

शेंड्याच्या कोवळ्या पानांवर तांबूस-काळपट ठिपके आणि रिंगणं, मग शेंडा करपून एका बाजूला झुकतो, देठावर काळे पट्टे, फळांवर एकात एक गोल वर्तुळं: हा बड नेक्रोसिस. भुईमुगातला शेंडेमर ज्या व्हायरसनं होतो तोच हा. आणणारे फुलकिडे. पुष्कळ जण याला करपा समजून बुरशीनाशकावर हजारो रुपये घालवतात. करपा सहसा खालच्या पानांपासून वर चढतो, हा शेंड्यातून सुरू होतो. एवढं एक लक्षात ठेवलं तरी एक-दोन फवाऱ्यांचा खर्च वाचतो.

पानांवर फिकट-गडद हिरव्या रंगाची नक्षी आणि काही पानं बुटाच्या दोरीसारखी बारीक होणं: हा काकडी मोझॅक, म्हणजे सीएमव्ही. आणणारा मावा. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, सातारा भागात फळं एकसारखी लाल होईनात. हिरवे, पिवळे, लाल डाग एकाच फळावर. लोकांनी त्याला तिरंगा नाव दिलं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत त्या नमुन्यांत प्रामुख्यानं हाच सीएमव्ही निघाला. त्या वेळी हा व्हायरस माणसाला होतो अशी अफवाही उठली आणि आधीच टाळेबंदीनं पडलेला बाजार आणखी पडला. झाडांचे हे व्हायरस माणसाला लागत नाहीत. आपण पिढ्यान् पिढ्या केवडा (व्हायरसनं पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) पडलेली भेंडी आणि मोझॅकची काकडी खात आलोय.

आणि एक वेगळी गोष्ट. मोझॅकची झाडं बांधणीच्या ओळीनं, सरीच्या सरी, एकामागून एक दिसत असतील तर तो टोमॅटो मोझॅक असू शकतो. त्याला किडीची गरजच नसते. तो हातानं, कात्रीनं, जुन्या सुतळीनं आणि कपड्यांनी फिरतो, बियाण्याच्या सालीवरूनही येतो. तिथं कीटकनाशकाचा एक थेंबही कामाचा नाही. फुटवे काढताना दर काही झाडांनंतर हात साबणानं धुवा, रोगट झाडाला सगळ्यात शेवटी हात लावा, मागच्या वर्षीची सुतळी पुन्हा वापरू नका.

प्रत्यक्षात एका झाडात दोन व्हायरस एकत्र असतात आणि लक्षणं मिसळून जातात. डोळ्याला शंका राहिली तर तपासणी करा. कृषी विज्ञान केंद्रातून किंवा कृषी विद्यापीठातून नमुना पाठवायची वाट मिळते. नमुना म्हणून वाळलेलं पान नको, नुकतं लक्षण दिसू लागलेलं शेंड्याचं पान द्या.

आता तारखांची उलट मोजणी

व्हायरस झाडात शिरला की लगेच दिसत नाही. लीफ कर्लला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, उन्हाळ्यात थोडं लवकर. म्हणजे आज दिसलेलं झाड पंधरा-वीस दिवसांपूर्वी बाधित झालंय. आज माशी दिसत नाही यावरून काही सिद्ध होत नाही, कारण आज आपण तिचं जुनं काम बघतोय.

पहिलं झाड लागवडीनंतर आठ-दहा दिवसांतच बोकडलं असेल तर व्हायरस रोपासोबत आलाय. रोपवाटिकेत जा आणि तिथं प्रश्न विचारा. पंचविसाव्या दिवशी दिसलं तर लागवडीच्या पहिल्या आठवड्यात माशी बसली आहे. त्या आठवड्यात काय चाललं होतं ते आठवा: शेजारचा जुना प्लॉट मोडला का, बांधाचं गवत कापलं का, रोपं उघडी होती का? चाळिसाव्या-पन्नासाव्या दिवशी पहिली झाडं दिसली तर नुकसान मर्यादित राहतं आणि घाबरून खर्च वाढवायचं कारण नसतं. पहिल्या तीन आठवड्यांत बाधित झालेलं झाड जवळजवळ काहीच देत नाही. दोन महिन्यांच्या झाडाला लागण झाली तर खालचे घोस बऱ्यापैकी पदरात पडतात.

हे उलट मोजणं मी आमच्याच चुकीतून शिकले. एका वर्षी सलग चार शेतकऱ्यांचे फोन आले, सगळ्यांच्या लागवडीला दहा-बारा दिवस झालेले, सगळी रोपं आमची. मी आधी मानायला तयार नव्हते, कारण ट्रेमधलं रोप हिरवंगार गेलं होतं. शेडनेटची मागची बाजू बघितली तर खालून हातभर जाळी फाटलेली, आणि पलीकडे मोडायचं राहिलेलं जुनं वांगं-टोमॅटो. माशी तिथून आत येत होती. रोप ट्रेमध्ये पंचवीस ते तीस दिवस असतं, शेवटच्या आठवड्यात लागण झाली तर गाडीत चढताना ते निरोगीच दिसतं. त्या चौघांना आम्ही रोपं बदलून दिली, पण त्यांचे गेलेले पंधरा दिवस आणि हुकलेला बाजार परत देता आला नाही. तेव्हापासून जाळीला दर सोमवारी हात लावून फिरणं हे माझं काम आहे, ते मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही.

रोपं घेताना तुम्हीही हे बघा: जाळी ४० ते ५० मेशची आहे का, दोन दरवाजे आहेत का, आत पिवळे चिकट सापळे लटकलेत का आणि त्यांवर माश्या किती, भोवती तण किंवा जुनं पीक आहे का? ५० मेशच्या जाळीतूनही फुलकिडा आत येऊ शकतो. म्हणून नुसती जाळी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, निळे सापळेही हवेत.

फवारणी का चुकते: तीन किडी, तीन घड्याळं

मावा. झाडावर उतरला की तो आधी चव घेतो. सोंड सालीत घालतो, क्षणभर चाखतो, आवडलं नाही तर उडून पुढच्या झाडावर. सीएमव्ही या चाखण्यातच सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या चाखण्यात सुटतो. घ्यायला काही सेकंद, द्यायला काही सेकंद. कोणतंही कीटकनाशक एवढ्या वेगानं मारत नाही. मावा मरतो, पण काम करून मरतो. फवाऱ्यानं बिथरलेला मावा तर जास्त झाडं चाखतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे सीएमव्ही आणणारा पंखवाला मावा पुष्कळदा टोमॅटोवर राहतच नाही. शेजारच्या काकडी-दुधीवरून, केळीवरून, तणावरून येतो, चाखतो आणि निघून जातो. म्हणून "मावा दिसत नाही आणि मोझॅक वाढतोय" हे खरं असू शकतं. शेतकरी खोटं बोलत नसतो. खानदेशात केळीवर जो हरण्या रोग येतो तो याच सीएमव्हीचा, आणि या व्हायरसला राहायला हजाराहून जास्त जातींची झाडं चालतात. तण साफ करून तो पूर्ण संपेल असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण या घाईतच त्याची कमजोरीही आहे. सोंडेच्या टोकाला लागलेला व्हायरस दोन-चार ठिकाणी चाखलं की पुसला जातो. म्हणून प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट दोन-तीन ओळी काम करतात. बाहेरून येणारा मावा आधी मक्यावर उतरतो, तिथं सोंड पुसून घेतो आणि मगच टोमॅटोकडे येतो. फक्त मका टोमॅटोआधी तीन-चार आठवडे पेरलेला हवा. टोमॅटोबरोबर पेरला तर तो गुडघ्याएवढा होईपर्यंत मावा येऊन गेलेला असतो. याच कारणानं चंदेरी मल्चिंग पेपर चंदेरी बाजू वर करून अंथरतात. खालून परावर्तित होणाऱ्या उजेडानं पंखवाला मावा गोंधळतो आणि उतरत नाही. झाडांनी बेड झाकला की हा फायदा संपतो, पण तोवर धोक्याचे पहिले आठवडे निघून गेलेले असतात. पिकांसाठीचं खनिज तेल पानावर असलं तर सोंडेला व्हायरस नीट चिकटत नाही. मात्र ते भर उन्हात मारू नका आणि गंधकाच्या आगेमागे तर अजिबात नको, पानं जळतात.

पांढरी माशी. हिचं गणित वेगळं. ती पानाखाली बसते, सोंड थेट रसवाहिनीपर्यंत नेते आणि निवांत पिते. लीफ कर्लचा व्हायरस तिच्या पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात येतो, तिथून लाळग्रंथीत. या प्रवासाला काही तास लागतात. घ्यायला दहा-पंधरा मिनिटं पुरली तरी लगेच ती देऊ शकत नाही. पण एकदा लाळेत पोचला की पुढं कित्येक दिवस, बहुतेक मरेपर्यंत, ज्या झाडावर ती बसेल तिथं व्हायरस सोडते. प्रौढ माशी दोन-चार आठवडे जगते. अशी एक माशी किती झाडं फिरते याचा विचार करा.

इथं मात्र कीटकनाशकाला जागा आहे, कारण तिला वेळ लागतो. पण ती जागा दिसते तिथं नाही. बाहेरून व्हायरस घेऊनच आलेली माशी अर्ध्या तासात झाड बाधित करून जाते, तिला तुमचा फवारा गाठू शकत नाही. तुमचा फवारा अडवतो ते तुमच्याच प्लॉटमध्ये जन्मलेल्या माश्यांना, ज्या बोकडलेल्या झाडावर वाढतात आणि शेजारच्या झाडावर जातात. म्हणून पांढऱ्या माशीवर औषध तेव्हाच उपयोगी ठरतं जेव्हा बोकडलेली झाडं शेतातून काढलेली असतात. झाडं उभी ठेवून फवारणं म्हणजे भरलेल्या टाकीचा नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. आणि फवारा पानाच्या पाठीवर बसला पाहिजे. अंडी आणि पिल्लं तिथंच असतात. वरून धुवून काढलेल्या पानाखाली माशीची बाळं सुखानं वाढतात, हे मी भिंगातून कित्येकांना दाखवलंय.

फुलकिडे. यांचं घड्याळ सगळ्यात विचित्र. बड नेक्रोसिसचा व्हायरस फक्त कोवळं पिल्लू घेऊ शकतं. प्रौढ फुलकिडा रोगट झाडावर कितीही बसला तरी तो नव्यानं वाहक होत नाही, कारण पोटातून लाळग्रंथीकडे जायची वाट पिल्लावस्थेतच उघडी असते. पण पिल्लू असताना घेतलेला व्हायरस त्याच्या अंगात वाढतो आणि प्रौढ झाल्यावर ते जन्मभर वाटत फिरतं. अंड्यातून पुढच्या पिढीत तो जात नाही. याचा अर्थ शेतकऱ्यासाठी सरळ आहे: रोगट झाडावर फुलकिड्यांची पिल्लं वाढू देऊ नका. हे झाड एक-दोन आठवडे जरी उभं राहिलं तरी पिल्लांची एक तुकडी त्यावर तयार होते.

फवारणी इथं आणखी एका कारणानं फसते. अंडी पानाच्या पेशींत खुपसलेली असतात, कोष मातीत असतात. एका फवाऱ्यात अंडी आणि कोष दोन्ही सुटतात, चार दिवसांनी पुन्हा फुलकिडे दिसतात आणि शेतकरी म्हणतो औषध नकली होतं. बऱ्याचदा औषध बरं असतं, फक्त दुसरा फवारा पाच-सात दिवसांनी वेगळ्या गटाचा, म्हणजे किडीवर वेगळ्या पद्धतीनं काम करणाऱ्या औषधाचा, हवा असतो. मल्चिंग असेल तर कोषावस्थेसाठी मातीत उतरायला जागा कमी पडते, हा त्याचा दुसरा फायदा. कोरड्या वाऱ्यात फुलकिडे वाढतात, चांगला पाऊस झाला की धुऊन जातात. वळवाच्या पावसानंतर दोन दिवस पंप काढूच नका, आधी सापळे मोजा.

याच फुलकिड्यांची आणखी एक करामत सूर्यफुलात आणि भुईमुगात दिसली. तिथला टोबॅको स्ट्रीक व्हायरस गाजरगवताच्या परागात असतो. गाजरगवतावर लक्षण काहीच दिसत नाही. फुलकिडे ते पराग अंगावर घेऊन पिकावर येतात आणि खरवडताना जखमेत व्हायरस घालतात. बांधावरचं गाजरगवत फुलावर येण्याआधी काढा असं कृषी खात्याची माणसं सांगतात, त्यामागं एक कारण हेही आहे. पण एक चूक करू नका: टोमॅटो कोवळा असताना बांधाचं तण एकदम कापलं तर त्यावरच्या सगळ्या किडी तुमच्या टोमॅटोवर येतात. पेटारी, धोतरा, कामोणी, गाजरगवत, जे काही साफ करायचं ते लागवडीआधी दोन-तीन आठवडे करा.

आज प्लॉटमध्ये दहा-वीस बोकडलेली झाडं आहेत. काय करायचं?

आदल्या संध्याकाळी त्या झाडांवर आणि भोवतीच्या दोन-तीन झाडांवर पानाखालून फवारा. दुसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यात माशी सुस्त असताना, झाडावर प्लॅस्टिकची पिशवी टाका, तोंड आवळा आणि मुळासकट उपटा. प्लॉटबाहेर नेऊन पुरा किंवा जाळा. बांधावर फेकलं तर माशी परत येते. पिशवी न टाकता उपटणारा माणूस माशीला उडवून पुढच्या सरीत पाठवतो. मी हे स्वतः डोळ्यांनी बघितलंय, म्हणून पिशवीवर एवढा जोर देतेय. हे काम दर तीन दिवसांनी, लागवडीपासून चाळीस दिवस.

मोकळ्या जागी नांगी भरायची का? पहिल्या आठ-दहा दिवसांत भरा. त्यानंतर कोवळं रोप लावणं म्हणजे माशीला ताटात वाढणं.

निम्म्याहून जास्त झाडं पहिल्या महिन्यातच गेली असतील तर मन घट्ट करून प्लॉट मोडावा, असं माझं मत आहे. तार, बांबू, मल्चिंग जागेवर आहे, दुसरं पीक घेता येतं. टोमॅटो, मिरची, वांगं, भोपळावर्गीय यांतलं काही नको. मका, कोबी किंवा पालेभाजी बघा. दोन महिन्यांच्या पुढच्या प्लॉटमध्ये मात्र झाडं उपटत बसू नका. पाणी-खत नीट द्या आणि येतील ते तोडे घ्या.

औषधांबद्दल थोडक्यात. टोमॅटोवर लेबल असलेलंच औषध, लेबलवरचीच मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस पाळून. सायॲन्ट्रानिलीप्रोल, स्पायरोमेसिफेन, थायामेथोक्झाम हे वेगवेगळ्या गटांचे घटक आहेत. बाटलीवरचं नाव वेगळं असलं तरी आतला घटक एकच असतो, तो वाचा. मी तीन वेगळ्या नावांच्या बाटल्या दाखवून "बदलून बदलून मारतोय" म्हणणाऱ्याच्या हातात एकच घटक तीनदा बघितलाय. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक वारंवार मारलं की माशीचे शत्रू मरतात आणि माशी फोफावते. फुलोऱ्यात मधमाशी फिरते त्या वेळी फवारा नको. दोन फवाऱ्यांमध्ये पाच टक्के निंबोळी अर्क चालतो.

आणि व्हायरसचं औषध म्हणून जी पाकिटं विकली जातात त्यांबद्दल एक स्पष्ट समजून घ्या: झाडात शिरलेला व्हायरस मारणारं औषध शेतकऱ्याच्या हातात आज नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांनी पान चार दिवस हिरवं दिसतं, आपण खूश होऊन ते झाड ठेवतो आणि माशीला व्हायरसचं कोठार शाबूत मिळतं. न फवारलेल्या बोकडलेल्या झाडापेक्षा असं सजवलेलं झाड मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते उपटायला हात होत नाही.

वाण बदलला की सुटेल का?

काही प्रमाणात. अर्का रक्षक सारख्या वाणात लीफ कर्लला प्रतिकार आहे, खासगी कंपन्यांचेही आहेत. पण पाकिटावर टीवायएलसीव्ही प्रतिकारक लिहिलेलं असतं ते टोमॅटो यलो लीफ कर्ल या व्हायरसबद्दल असतं. आपल्याकडचे लीफ कर्लचे व्हायरस त्याच कुळातले पण वेगळे. एक जनुक एका भागात टिकतं आणि दुसऱ्या भागात पडतं. आणि लीफ कर्लला प्रतिकारक वाण मोझॅकला आणि बड नेक्रोसिसला प्रतिकारक असेलच असं नाही. आधी आपल्या शिवारात कोणता व्हायरस आहे ते ओळखा, मग पाकीट निवडा. शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये तो वाण गेल्या दोन उन्हाळ्यांत कसा टिकला हे पाकिटापेक्षा जास्त सांगतं.

भेंडीची गोष्ट इथं आठवते. भेंडीच्या केवड्याची नोंद मुंबई इलाख्यात कुलकर्णींनी १९२४ मध्ये केली. तो पांढरी माशी पसरवते हे कपूर आणि वर्मा यांनी १९५० मध्ये मांडलं. मग पुसा सावनी हा वाण आला, काही वर्षं केवड्यापुढं टिकला आणि मग पडला. परभणीच्या कृषी विद्यापीठानं रानटी भेंडीचा संकर घेऊन परभणी क्रांती दिला, तो महाराष्ट्रात घरोघरी गेला. आज त्यावरही केवडा दिसतो. वाण टिकतो तो माशी कमी ठेवली तर. माशीचा दाब जास्त असला की व्हायरसला नवं रूप घ्यायला तेवढ्या संधी मिळतात.

पुढच्या लागवडीआधी

सगळ्यात जास्त फरक मला एका गोष्टीनं दिसलाय आणि ती फुकट आहे: जुना प्लॉट शेवटच्या तोड्याच्या दिवशी मोडणं. भाव पडला की आपण पाणी तोडतो आणि प्लॉट उभा सोडून देतो. तो वाळता प्लॉट म्हणजे पुढच्या लागवडीसाठी माश्या, फुलकिडे आणि व्हायरस तिन्ही एकत्र. पाणी तुटलं की माशी उडणारच आणि जवळचं हिरवं शोधणारच. शक्य असेल तर शिवारातल्या चार-सहा जणांनी मिळून जुने प्लॉट मोडणं आणि नवी लागवड यांत निदान तीन आठवडे टोमॅटो-वांगं-मिरची नसेल असं ठरवावं. एकट्यानं केलं तर अर्धाच उपयोग.

लागवडीनंतर पहिले वीस-पंचवीस दिवस क्रॉप कव्हर. बेडवर तारेच्या कमानी रोवून पांढरं कापड अंथरायचं आणि कडा मातीनं दाबायच्या. कडा उघड्या राहिल्या तर खर्च करून काही मिळत नाही. मार्चच्या उन्हात आत ऊब वाढते, ठिबकची पाळी थोडी जवळ घ्या. बांधणीच्या वेळी कापड काढावं लागतंच. खर्च वाटतो, पण गुंठाभर का होईना करून बघा आणि उघड्या बेडशी तुलना करा. सापळे एकरी दहा-बारा, पिवळे आणि निळे मिळून, झाडाच्या शेंड्याच्या थोडे वर. आठवड्यातून दोनदा मोजून तारखेसह वहीत लिहा. तीच वही पुढं उलट मोजणीला लागते.

सुरुवातीला ज्यांचा फोन सांगितला त्या दादांची लागवड २० फेब्रुवारीची होती आणि पहिलं झाड १६ मार्चला दिसलं होतं. पंचवीस दिवस. लागवडीच्या आठवड्यात काय झालं विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चुलत्यांनी त्याच आठवड्यात वांग्याचं पाणी तोडलं." वांगं अजून उभंच होतं. त्या दिवशी त्यांनी औषधाऐवजी रोटाव्हेटर सांगितला, आणि पुढचे दहा दिवस पिशव्या घेऊन पहाटे प्लॉटमध्ये गेले.